ट्रम्पेटवाल्याच्या हिरड्या

हिरड्यांची वेगळी डॉक्टर असते, हे आमच्या नात्यागोत्यात कुणाच्या गळी उतरत नाही. दातांची असते, हे पटतं. दात उपटता येतो, बसवता येतो, त्यात सिमेंट भरता येतं. दिलेल्या पैशांचं काहीतरी दिसतं. हिरडीचं काय दिसणार? माझा एमडीएसचा निकाल लागला तेव्हा देवळाली प्रवऱ्याच्या मावशीनं फोनवर मला मनापासून धीर दिला होता, "असूं दे बाई, पुढच्या खेपंला दाताची मिळंल."

मी फोन आपटला होता. माझा स्वभाव तापट आहे आणि तो मला अण्णांकडून मिळाला आहे. अण्णा म्हणजे माझे वडील. राहात्याजवळच्या आमच्या गावात आजोबांनी काढलेली बँडपार्टी ते चालवतात आणि तिच्यात ट्रम्पेट वाजवतात. लग्नसराईत अंगात लाल कोट, सराई संपली की पाठीवर फवारणीचा पंप. डाळिंबाला औषध मारायला अण्णाच हवेत असं बागवाले म्हणतात, आणि हे वाक्य अण्णा घरी येऊन सगळ्यांना ऐकवतात. ट्रम्पेटबद्दल मात्र स्वतःहून काही बोलत नाहीत.

एप्रिलमधल्या जयंतीला ते ट्रम्पेट सगळं गाव ऐकतं. मिरवणुकीत डीजे असतो, तरण्या पोरांना तोच लागतो. पण चौकात पुतळ्यासमोर आलं की डीजे बंद होतो, लोक थांबतात आणि अण्णा एकटे पुढे होऊन सलामी वाजवतात. सलामीच्या शेवटी वरच्या पट्टीतला एक लांब सूर आहे. तो आजोबा धरायचे, नंतर अण्णा धरायला लागले. लग्नात ते तेवढ्या वर जातच नाहीत, नवरदेवाच्या बापानं कितीही गळ घातली तरी.

ट्रम्पेट ओठांनी वाजतं, असं लोकांना वाटतं. ते खरंही आहे. पण वरचा सूर लावायचा तर वाद्याचं पितळी तोंड ओठांवर घट्ट टेकवावं लागतं, आणि ओठ टेकतात ते पुढच्या दातांवर. दात भक्कम नसतील तर ओठ कशाच्या जोरावर थरथरणार? हे मला दंतशास्त्राच्या पुस्तकानं शिकवलं नाही. गेल्या हिवाळ्यात राहात्याच्या एका लग्नात मी पाहुणी म्हणून जेवायला बसले होते आणि बाहेर अण्णांचा सूर फाटला, तेव्हा कळलं. गाणं सोपं होतं, वरात निघतानाचं नेहमीचंच. सूर फाटला, पुन्हा लागला, पुन्हा फाटला. मी हातातला घास तसाच ठेवून बाहेर आले.

"थंडीनं व्हतंय," अण्णा म्हणाले.

थंडीनं नव्हतं होत. घरी आल्यावर मोबाईलच्या उजेडात मी त्यांचा ओठ वर केला. हिरड्या जांभळट लाल, सुजून दातांवर आलेल्या, बोट लावलं की रक्त. वरचे पुढचे चारही दात हलत होते. तरुणपणापासून सकाळ-संध्याकाळ मिश्री लावायची, तंबाखू भाजून केलेली ती काळी भुकटी बोटावर घेऊन हिरड्यांना चोळत बसायचं, त्याचं हे फळ होतं. दर दिवाळीला मी त्या डबीवरून भांडत आले होते. हिरड्यांची डॉक्टर पोटची पोर, आणि हा माणूस किती तरी दिवस भाकरी दुधात कुस्करून गुपचूप खात होता. मला रडूही आलं आणि त्यांचा असा राग आला की मी त्या संध्याकाळी त्यांच्याशी बोललेच नाही.

राहात्याला ज्या दवाखान्यात मी काम करते, तिथले सर वयानं मोठे, हाताचे चलाख आणि माणूस म्हणून चांगले. त्यांनी एक्सरे उजेडात धरला. दातांच्या मुळांभोवतीचं हाड बरंच खाली गेलं होतं. "काढून टाकू चारही," ते म्हणाले. "नवीन दात बसवू. उगाच कशाला ताणायचं?"

"सर, बसवलेल्या दातांवर ते ट्रम्पेट वाजवू शकतील?"

"वाजवतीलही. सवय करावी लागेल. कदाचित नाही वाजवणार." मग त्यांनी विचारलं, "वय काय त्यांचं?"

वयाचा इथे काय संबंध, हे मी मनात म्हणाले. तोंडानं म्हणाले, "हे दात वाचतील, सर. मी वाचवते."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "महिनाभर बघ. हिरडी आवळली, रक्त थांबलं तर ठेव. नाहीतर काढायचे. वडील आहेत म्हणून हट्ट करायचा नाही." आणि जाता जाता, "हिरड्यांवर फार विश्वास तुझा," असंही म्हणाले. ते शेवटचं वाक्य मला झोंबलं.

कारण होताच माझा विश्वास. कॉलेजात असताना मी हिरडीच्या प्रेमात पडले ते एका गोष्टीमुळे. आपण एखाद्या जंतूवर गोळी घेतो, ती पोटात विरघळते, रक्तात मिसळते, आणि रक्त सगळ्या अंगभर फिरतं. मग हिरडीच्या वाट्याला त्यातलं कितीसं येणार? मला वाटायचं, चिमूटभर. पण काही प्रतिजैविकं अशी आहेत की हिरडीतल्या पेशी ती नुसती येऊ देत नाहीत, स्वतः ओढून घेतात. रक्तात जेवढं असतं त्याच्या कैक पट आत साठवतात. आत गेलेलं औषध पेशीतल्या आंबट कप्प्यांमध्ये अडकून बसतं, त्याला लवकर बाहेर पडता येत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशीही तेच करतात आणि पोटभर औषध घेऊन जिथे सूज असेल तिथे धावतात. गोळ्या संपल्या, रक्तातलं औषध उतरलं, तरी हिरडीतला साठा हळूहळू सुटत राहतो. हे बाईंनी शिकवलं त्या दिवशी मी वर्गात एकटीच हसले होते. ज्या मांसाच्या पट्टीकडे आरशातही कुणी लक्ष देत नाही, ती अशी कामाची निघाली, याचा मला फार आनंद झाला होता.

अर्थात नुसत्या औषधानं काही होत नाही. आधी घाण काढावी लागते. मी अण्णांच्या हिरड्या बधिर केल्या आणि मुळांवर चढलेलं दगडासारखं कीटण आतपर्यंत खरवडून काढलं. खुर्चीत अण्णा डोळे मिटून पडले होते. मग दातांच्या मागच्या बाजूनं बारीक धाग्याची पट्टी चिकटवून हलणारे दात शेजारच्या घट्ट दातांना बांधले. आणि शेवटी त्या गोळ्या दिल्या. मिश्री बंद, ट्रम्पेट बंद, मऊ ब्रश, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. अण्णांनी मान डोलावली.

लग्नसराई भरात होती. ट्रम्पेट बँडमधल्याच माझ्या काकांच्या हातात गेलं. अण्णा घरी बसायचं नाव घेईनात, तेव्हा त्यांच्या हातात खुळखुळे आले. एवढा मोठा वाजवणारा, बँडचा मालक, लाल कोट घालून मागच्या रांगेत खुळखुळे हलवत चाललाय. बघणारे हसले. कुणीतरी विचारलंही, "काय अण्णा, बढती मिळाली काय?" अण्णाही हसले म्हणे. आईनं हे सांगितलं तेव्हा मी पदरानं डोळे पुसले.

पुढच्या तपासणीला मी अण्णांच्या तोंडात आरसा घातला. सूज तशीच. हिरडीवर ठिकठिकाणी पांढरट, जळल्यासारखे चट्टे. दातांवर घाणीचा थर. सर शेजारून डोकावले, "हं" म्हणाले आणि निघून गेले. त्या "हं"चा अर्थ मला नीट कळला.

त्या दिवशी दुपारीच मी गाव गाठलं. अण्णा ओसरीवर पंपाचं नोझल साफ करत बसले होते. मी सरळ आत गेले, फळीवरची मिश्रीची डबी उचलली आणि बाहेर आणून उघडली. म्हटलं, आता बघतेच. पण आत काळी भुकटी नव्हती, पांढरी होती.

"हे काय आहे?"

"तुझ्याच गोळ्या हायेत की," अण्णा म्हणाले. "बारीक केल्यात."

"बारीक कशाला?"

"लावायला."

मी ओसरीच्या कडेला बसले. "लावल्या? खाल्ल्या नाहीत?"

"आता दुखनं हिरडीला हाय, तर गोळी पोटात कशाला घालायची? वाया न्हाई का जायची सगळ्या अंगात? चांगली चोळून लावली. सकाळ-संध्याकाळ. लई कडू हाय पर." मग जरा अभिमानानं, "आन् पानी लागू दिलं न्हाई अजिबात. पानी प्यायलो तरी आत ओतायचो, दाताला लागू द्यायचो न्हाई. चूळ न्हाई, बुरुश न्हाई. औषिद मारल्यावर पाऊस पडला तर धुऊन जातं, ह्ये कळत न्हाई व्हय मला?"

आतून आई म्हणाली, "मी म्हनत हुते गिळा म्हनून. माझं कोन ऐकतंय?"

मला ओरडायचं होतं. इतकं ओरडायचं होतं की वेशीपर्यंत ऐकू जावं. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावणार कुणाला? आणि खरं सांगायचं तर त्या माणसाच्या बोलण्यात चूक काढायला मला क्षणभर जागाच सापडेना. डाळिंबावर तेल्या पडतो, पानांवर आणि फळांवर काळे तेलकट डाग येतात, तेव्हा त्यावरही लोक प्रतिजैविकच मारतात. अण्णांनी आयुष्यभर ते पानांवर मारलं होतं, चिकटायला त्यात स्टिकर मिसळला होता, आभाळाकडे बघून वेळ धरली होती. त्यांच्या लेखी प्रतिजैविक म्हणजे रोगाच्या जागी बसवायची वस्तू. मिश्रीनं तर हिरडीला चोळायचा हातही घोटून दिलेला होता.

मी पंपाकडे बोट दाखवलं. "अण्णा, सगळीच औषधं पानावर मारता का तुम्ही?"

"न्हाई. काहींची आळवनी करतो. बुडात ओततो."

"मग ती पानाला कशी पोचतात?"

"झाड वर वढून घेतं की. ती आतल्या आत चढत्यात."

"पावसानं धुऊन जातात?"

"आत गेलेलं कसं धुऊन जाईल?" असं म्हणता म्हणता अण्णांचा हात नोझलवरच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग डबीकडे पाहिलं. "म्हंजी ह्यी आळवनीची गोळी हाय?"

"आळवणीची गोळी आहे," मी म्हणाले. आणि मग मला जे वर्गात शिकवलं होतं ते सगळं मी त्यांना सांगितलं. पोट, रक्त, हिरडीतल्या पेशी, त्यांचं ओढून घेणं, साठवणं. वरून चोळलेलं औषध थुंकीबरोबर जातं, कातडीला भाजतं आणि खोल मुळाशी जिथे जंतू बसलेत तिथे पोचतच नाही, हेही सांगितलं. अण्णा बागवाल्याकडून नवीन औषधाची माहिती घेताना बसतात तसे लक्ष देऊन बसले होते.

"मंग गोळ्या सपल्यावर?" त्यांनी विचारलं.

"गोळ्या संपल्या तरी आत साठलेलं असतं. हळूहळू सुटत राहतं, काम करत राहतं. म्हणून तर थोड्याच दिवसांच्या दिल्यात. आणि ब्रश केला, चूळ भरली, तरी ते जाणार नाही. उलट वरची घाण रोज काढलीत तरच त्याचा उपयोग."

अण्णांनी डबीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "झाडापरीस हिरडी हुशार हाय की गं."

माझ्या सगळ्या शिक्षणात मला एवढी मोठी दाद कुणी दिली नव्हती. मघाचा राग कुठल्या कुठे गेला.

सरांना मी झालेला प्रकार सांगितला. ते खदाखदा हसले, हसता हसता चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, "म्हणजे औषध अजून झालंच नाही म्हण." महिना पुन्हा पहिल्यापासून धरायला ते तयार झाले. चट्टे बरे होऊ दिले, मी मुळं पुन्हा एकदा साफ केली आणि मग अण्णांनी गोळ्या घेतल्या. कशा घेतल्या? बँडची तालीम चालू असताना, सगळ्यांना थांबवून, मधोमध उभं राहून. "बघा रं," म्हणाले, "ह्यी आता पोटात जानार आन् हिरडीत निघनार." ढोलवाल्यानं त्यावर एक थाप दिली. गावात ज्याला ज्याला दाढ दुखत होती त्या सगळ्यांना अण्णांनी त्या दिवसांत हिरडीच्या पेशींवर व्याख्यान दिलं, आणि प्रत्येकाला शेवटी बजावलं, "आपल्या मनानं घेऊ नका हां गोळ्या. डाक्टरनीला इचारा." त्यांच्या डाक्टरनीकडे तिसगावहून एक पाव्हणा आला, तोही त्यांनीच धाडलेला.

मिश्रीची डबी आईनं स्वतःच्या हातानं उकिरड्यावर फेकली. तीही लावायची, तिनंही सोडली. पहिले काही दिवस दोघं एकमेकांवर वसवस करत होते, ते मी पाहिलं आणि मुद्दाम तिकडे दुर्लक्ष केलं.

महिना संपला तेव्हा तपासायला सर स्वतः बसले. मी मागे उभी राहिले. त्यांनी बारीक सळई हिरडीच्या कडेनं फिरवली. रक्त आलं नाही. पुन्हा फिरवली. हिरडी फिकट गुलाबी होती, दाताला लगटून बसलेली. आरशाच्या दांड्यानं त्यांनी एकेक दात दाबून पाहिला, बांधलेली पट्टी पाहिली, पुन्हा दाबून पाहिलं.

"ठेव," सर म्हणाले. खुर्चीतून उठले, हातमोजे काढले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "चांगलं केलंस. मी काढले असते."

मी "हो सर" म्हणाले आणि मागच्या खोलीत जाऊन भिंतीला पाठ लावून मनसोक्त हसले. जिंकल्यावर माणूस नम्र होतो म्हणतात. मी झाले नाही. मला अंगणात जाऊन आरोळी ठोकायची होती.

पण खरी परीक्षा दवाखान्यात होणार नव्हती. भाकरी चावणं वेगळं आणि ट्रम्पेटचा दाब वेगळा. अण्णांनी हलक्या हातानं, खालच्या सुरांपासून वाजवायला सुरुवात केली. रोज थोडं. गुढीपाडव्यापर्यंत गाणी येऊ लागली, सूर भरून येऊ लागला. वरच्या सुराला मात्र ते हात लावत नव्हते.

"एकदा घरी लावून बघा ना," मी म्हणायचे.

"त्यो चौकातच लागतोय."

"आणि तिथे नाही लागला तर? दात हलला तर?"

"मंग चौकात हलंल," अण्णा म्हणायचे. असा राग यायचा! दात त्यांचा असला तरी काम माझं होतं. त्या बांधलेल्या पट्टीवर, त्या आवळलेल्या हिरडीवर, आत साठून हळूहळू सुटलेल्या त्या औषधावर मी माझं नाव लावलं होतं.

जयंतीला दिवस कलताना मिरवणूक चौकात आली. निळे झेंडे, निळा गुलाल, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका. मीही पांढरीच नेसले होते. डीजे बंद झाला. काका दुसरं ट्रम्पेट घेऊन अण्णांच्या जरा मागे उभे राहिले, सूर फाटलाच तर उचलून धरायला. ते मला दिसलं. अण्णांना दिसलं तेव्हा त्यांनी मागे वळून काकांच्या ट्रम्पेटवर हात ठेवला आणि ते खाली करायला लावलं.

मग ते पुढे झाले, पुतळ्याला वाकून वंदन केलं, आणि सलामी सुरू केली.

पहिला भाग मी ऐकलाच नाही. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. पितळ ओठावर टेकलेलं, गाल ताणलेले, मानेची शीर वर आलेली. आता वर जाणार. अण्णांनी श्वास भरला, ट्रम्पेट जरासं उचललं, आणि सूर लागला.

तो लागला तेव्हा चौकातलं एक माणूस हललं नाही. सूर सरळ गेला, वर गेला आणि तिथे थांबला. फाटला नाही, थरथरला नाही. अण्णा तो धरून उभे होते, मी लहानपणी बघितलेले अण्णा, आणि तो संपतच नव्हता. माझ्या शेजारची एक म्हातारी पुटपुटली, "धर बाबा, धर." त्यांनी धरला. पुरता धरला. मग स्वतःच्या मर्जीनं सोडला.

आणि जे ओरडणं झालं ते मला शब्दांत सांगता यायचं नाही. त्या गोंधळात अण्णा मला शोधत होते. मी दिसले तशी त्यांनी जीभ सगळ्या दातांवरून फिरवली, अगदी सावकाश, चाचपून, आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं ओरडले, "हल्ला न्हाई गं! एक बी हल्ला न्हाई!"

लोक माझ्याकडे वळून बघायला लागले. सलामी एकदाच वाजवायची असते, असा रिवाज आहे. अण्णांनी कुणाला न विचारता ट्रम्पेट परत ओठाला लावलं आणि तोच सूर पुन्हा धरला, पहिल्यापेक्षा लांब. ढोल त्याच्याखाली आपोआप सुरू झाला. आणि मी, चारचौघांत मान राखून वागणारी डॉक्टरीण, पदर कमरेला खोचून भर चौकात नाचले.